हाताला सोसणारी रॅकेट

गेल्या वर्षीच्या वर्षावासातील एक रविवार. विहारात सकाळची वंदना झाली, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील एका प्रकरणाचे वाचन झाले आणि नेहमीप्रमाणे जमाखर्चाची वही उघडली गेली. ही वही माझ्याकडे असते. मी कारकून माणूस. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि नोकरीत दुसऱ्यांच्या रकमांच्या बेरजा करीत आलो, म्हणून मंडळाने खजिनदारकी माझ्या गळ्यात घातली. खर्च वाचता वाचता मी एका ओळीवर आलो : “बॅडमिंटन रॅकेट, दोन नग, रुपये ९,६००.” क्षणभर सगळे गप्प. मग मागच्या सतरंजीवरून एक ताई उठल्या. त्या एका कारखान्यात पॅकिंग खात्यात आहेत, दिवसभर उभ्याने खोकी बांधतात.

त्या म्हणाल्या, “भाऊ, या रॅकेटी विहाराच्या की चार पोरांच्या? वर्गणी आम्हीही दिली. मग आम्ही काय नुसते ओट्यावर बसून बघायचे?”

वाचकहो, त्या बिलावर मंजुरीची सही माझीच होती. खोटे कशाला सांगू, त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधायला मला तीन-चार महिने लागले. त्यात जे कळले ते आपल्या वस्तीवस्तीतील मंडळांना आणि कुटुंबांना उपयोगी पडावे, म्हणून हा लेख.

सर्वात चांगली म्हणजे कोणाला चांगली?

झाले होते असे. भीमजयंतीचा खर्च भागून थोडी शिल्लक उरली. तरुण मुले म्हणाली, विहारासमोरचे पटांगण संध्याकाळी रिकामे असते, तिथे बॅडमिंटन सुरू करू. कल्पना उत्तम. नाक्यावर उभे राहण्यापेक्षा मुलगा पटांगणात घाम गाळतो, याहून आईबापांना काय हवे? पी. व्ही. सिंधूचे २०१६ चे ऑलिंपिक रौप्यपदक मुलांना ठाऊक होते. २०२२ साली भारताने थॉमस चषक जिंकला आणि त्या संघात मुंबईचा चिराग शेट्टी होता, हेही त्यांना तोंडपाठ. ती मुंबईला धोबीतलावला गेली. तिथे खेळाच्या साहित्याची दुकाने ओळीने आहेत. दुकानदाराला म्हणाली, “मोठे खेळाडू वापरतात तसली द्या.” दुकानदाराने तसली दिली. त्याचा काही दोष नाही. मागितले तेच त्याने दिले.

दोष होता तो आमच्या समजुतीचा. महाग ती चांगली आणि चांगली ती सर्वांना चांगली, असे आपण धरून चालतो. बूट घेताना आपण पायाचे माप देतो, मोठ्या धावपटूच्या पायाचे माप देत नाही. रॅकेटच्या बाबतीत मात्र आम्ही नेमके तेच केले.

परिणाम महिनाभरात दिसला. त्या दोन रॅकेटींनी चांगले खेळू शकणारी मुले वस्तीत चारच निघाली. लहान मुलांचा फटका नेटपर्यंत पोहोचेना. ताई चार संध्याकाळी हौसेने आल्या. पाचव्या दिवशी त्यांच्या उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ निघू लागली. पिळायला टॉवेल घेतला तरी दुखे. दवाखान्यातील डॉक्टरांनी तपासून सांगितले की याला टेनिस एल्बो म्हणतात. मनगट मागे वळवणारे स्नायू कोपराशी ज्या कंडऱ्यांनी हाडाला जोडलेले असतात, त्यांच्यावर पुन्हा पुन्हा ताण पडला की हे दुखणे येते. नाव टेनिसचे असले तरी हातोडा चालवणाऱ्याला, रंगाऱ्याला, धुणे पिळणाऱ्या बाईलाही ते होते. कारखान्यात आठ तास हात चालतोच. त्यावर संध्याकाळी ताठ रॅकेटचे धक्के आले, तेव्हा हाताने तक्रार केली.

डॉक्टरांनी काही दिवस विश्रांती आणि मग हळूहळू करायचे व्यायाम सांगितले. शेवटी विचारले, “रॅकेट कसली आहे? मूठ आवळून धरता का?” माझ्या शोधाची सुरुवात या दोन प्रश्नांतून झाली.

रॅकेटचे चार गुण

बॅडमिंटनची रॅकेट दिसते साधी. नियमाप्रमाणे तिची लांबी ६८० मिलिमीटरपेक्षा आणि रुंदी २३० मिलिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये. या मर्यादेत कारखानदार चार गोष्टी बदलत असतात आणि रॅकेट हाताला सोसणार की नाही हे या चार गोष्टींवर ठरते.

पहिली गोष्ट वजन. रॅकेटवर इंग्रजी ‘यू’ हे अक्षर आणि त्याच्या आधी आकडा छापलेला असतो. ३ यू म्हणजे साधारण ८५ ते ८९ ग्रॅम, ४ यू म्हणजे ८० ते ८४ आणि ५ यू म्हणजे ७५ ते ७९ ग्रॅम. आकडा वाढला की वजन कमी होते, हे लक्षात ठेवावे. पाच ग्रॅमचा फरक तो काय, असे वाटेल. पण संध्याकाळभरात हात शेकडो वेळा डोक्यावर जातो. पाच ग्रॅम तितक्या वेळा उचलून पाहा म्हणजे कळेल.

दुसरी गोष्ट तोल. दोन रॅकेटी सारख्याच वजनाच्या असल्या तरी एकीचे वजन डोक्याकडे असते, तर दुसरीचे सारखे वाटलेले असते. डोक्याकडे जड असलेल्या रॅकेटने स्मॅश जोरात बसतो. मात्र ती फिरवायला आणि थांबवायला मनगट आणि खांदा तयार असावा लागतो. ज्याचा हात तयार नाही, त्याला तोल मध्यावर असलेली किंवा डोक्याकडे किंचित हलकी असलेली बरी.

तिसरी गोष्ट दांड्याचा लवचिकपणा. ताठ दांडा वेगाने हात फिरवणाऱ्यासाठी असतो. त्याला फटक्याची नेमकी दिशा मिळते. लवचिक दांडा वेताच्या काठीसारखा किंचित वाकतो आणि सरळ होताना शटलला, म्हणजे आपण ज्याला फूल म्हणतो त्याला, पुढे ढकलतो. ज्याचा हात सावकाश फिरतो त्याच्यासाठी थोडे काम दांडाच करतो. सावकाश हाताला ताठ दांडा दिला की तो वाकतच नाही. मग फूल लांब जावे म्हणून माणूस अंगातली सगळी ताकद लावतो आणि कोपर दुखवून घेतो.

चौथी गोष्ट डोक्याचा आकार. जुन्या रॅकेटचे डोके अंडाकृती असे. १९९० नंतरच्या दशकात वरून किंचित चौकोनी डोक्याच्या रॅकेटी आल्या आणि आता बहुतेक तशाच मिळतात. जाळीच्या मधोमध एक जागा अशी असते की तिथे फूल लागले तर हाताला धक्का जाणवत नाही आणि फटका स्वच्छ जातो. चौकोनी डोक्यात ही जागा मोठी होते. याचा अर्थ फूल दोन बोटे इकडे-तिकडे लागले तरी फटका वाया जात नाही. नवशिक्याची चूक पोटात घालणारी रॅकेट म्हणतात ती हीच.

पटांगणातील परीक्षा

पाऊस ओसरल्यावर एका रविवारी आम्ही तीन रॅकेटी पटांगणात आणल्या. एक होती कोणाच्या तरी घरी माळ्यावर पडलेली लोखंडी दांड्याची जुनी रॅकेट. दुसरी आमची ती महागडी, डोक्याकडे जड आणि दांडा ताठ. तिसरी मी कचेरीतील एका सहकाऱ्याकडून दिवसापुरती मागून आणलेली : ४ यू वजनाची, ग्रॅफाइटची, लवचिक दांड्याची, तोल मध्यावर, डोके चौकोनी. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही. आपल्याला कोणाची जाहिरात करायची नाही, आणि अशी रॅकेट अनेक कंपन्या काढतात.

खेळणारे पाच जण होते. ताई (आता दुखणे थांबलेले, डॉक्टरांना विचारून आलेल्या), पूर्वी गिरणीत काम केलेले एक बाबा, सहावीतील एक मुलगी, आमच्यातला सर्वात तगडा तरुण आणि मी.

लोखंडी रॅकेटचा निकाल लवकर लागला. दांडा आणि डोके जिथे जोडलेले असतात तिथला सांधा ढिला झालेला होता. फूल कडेला लागले की डोके हातात फिरे. धक्का थेट मनगटात येई. स्वस्त म्हणून आपण मुलांना हीच घेऊन देतो आणि मग म्हणतो, “याला खेळता येत नाही.”

महागडी रॅकेट तरुणाच्या हातात वाघासारखी खेळली. त्याच्या स्मॅशचा आवाज ओट्यापर्यंत येत होता. तीच बाबांच्या हातात दिली तेव्हा पाच-सात फटक्यांतच त्यांनी ती खाली ठेवली. मुलीचे फूल नेटच्या अलीकडेच पडत राहिले. माझेही फारसे वेगळे झाले नाही.

मग तिसरी. मुलीचे दुसरेच फूल नेट ओलांडून गेले आणि तिने रॅकेटकडे असे पाहिले की जणू चमत्कार झाला. चमत्कार वगैरे काही नाही, दांडा वाकला आणि त्याने काम केले. बाबा वीसेक मिनिटे खेळले आणि घामाघूम होऊन हसत बसले. ताई सुरुवातीला भीत भीत मारत होत्या. थोड्या वेळाने त्यांच्या लक्षात आले की हात दुखत नाही. मग त्यांनी तरुणाला नेटजवळ असे काही पळवले की ओट्यावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या.

या रॅकेटची उणी बाजूही सांगायला हवी, नाहीतर परीक्षण एकतर्फी होईल. तरुणाला ती आवडली नाही. “फटका उशिरा सुटतो, स्मॅशला दम नाही, फूल नेमके रेषेवर टाकता येत नाही,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे बरोबर आहे. वेगाने हात फिरवणाऱ्याला लवचिक दांडा मागे पडल्यासारखा वाटतो. तालुका-जिल्हा पातळीवर स्पर्धा खेळणाऱ्याने ही रॅकेट घेऊ नये. पण आठवड्यात तीन-चार संध्याकाळी, दिवसभराच्या कामानंतर, तासभर आनंदासाठी खेळणाऱ्याने आवर्जून घ्यावी. आपल्या वस्त्यांत असेच खेळणारे जास्त असतात.

सोण स्थविरांची वीणा

रॅकेट ठरली, पण जाळी किती ताणून बांधायची हा प्रश्न राहिला. आपल्याकडे याला गटिंग म्हणतात. ताण पौंडात मोजतात. आजचे अव्वल खेळाडू २८-३० पौंड आणि त्याहूनही जास्त ताण ठेवतात. आमच्या मुलांनी दुकानात तसेच घट्ट गटिंग करून घेतले होते. जाळी फार घट्ट असली की ती फळीसारखी होते. फूल तिच्यावरून उसळत नाही, मधली धक्का न देणारी जागा लहान होते आणि जरा कडेला लागले की हात झिणझिणतो. उलट जाळी फार सैल असली तर फूल कुठे जाईल याचा नेम राहत नाही.

इथे मला वर्षावासातील प्रवचनात ऐकलेली सोण कोळिविस स्थविरांची गोष्ट आठवली. सोण हे चंपा नगरीतील अतिशय श्रीमंत घरचे. प्रव्रज्या घेतल्यावर त्यांनी इतक्या निकराने साधना केली की चंक्रमण करता करता तळव्यांतून रक्त आले. तरीही मनाला विमुक्ती लाभेना. शेवटी घरी परतावे, असा विचार त्यांच्या मनात आला. तेव्हा भगवान बुद्ध त्यांच्याकडे गेले. सोण पूर्वी वीणा वाजवीत असत, हे भगवंतांना ठाऊक होते. त्यांनी विचारले, तारा अति ताणल्या असता वीणा सुरात वाजे का? नाही. अति सैल असता? तेव्हाही नाही. तारा योग्य ताणावर असतील तेव्हाच वीणा वाजते. प्रयत्नांचेही तसेच आहे, हे सोणांना उमगले आणि पुढे ते अर्हत झाले.

धम्मातील ही शिकवण मनाच्या साधनेविषयी आहे. तिला खेळाच्या साहित्यापुरते लहान करण्याचा माझा हेतू नाही. पण मध्यम मार्ग केवळ ग्रंथात ठेवायचा नसतो, तो रोजच्या व्यवहारात पाहायचा असतो, असे आपणच म्हणतो ना? मग ऐका : हौशी खेळाडूने जाळीचा ताण साधारण २० ते २२ पौंड ठेवावा. लहान मुले आणि वयस्कर यांनी १८ ते २० पुरे. ना अति घट्ट, ना अति सैल.

मुठीचेही तसेच. पकड फार बारीक असली की माणूस ती आवळून धरतो, फार जाड असली तरी आवळतो. आवळलेल्या मुठीचा ताण थेट कोपरात जातो. रॅकेट धरल्यावर बोटांची टोके आणि तळव्याचा अंगठ्याकडचा फुगीर भाग यांत करंगळी मावेल इतके अंतर राहावे. पकड बारीक वाटली तर वरून एक ग्रिप गुंडाळावी, खर्च किरकोळ असतो. आणि फटक्याच्या क्षणाखेरीज रॅकेट सैल हातात धरावी. आमच्या ताईंना सर्वात जास्त फायदा झाला तो या एका सवयीने, असे त्या स्वतः सांगतात.

हिशेब

आता माझ्या आवडीचा विषय. सोळा कुटुंबे तयार झाली आणि आम्ही नव्याने खरेदी केली. वहीतील नोंद अशी :

रॅकेट ४ नग, प्रत्येकी १,६५० रुपये : ६,६००
वरून गुंडाळायच्या ग्रिप ८ नग, प्रत्येकी ६० रुपये : ४८०
नायलॉनच्या फुलांचे डबे २, प्रत्येकी ७५० रुपये : १,५००
नेट १ नग : ७००
एकूण : ९,२८० रुपये

सोळा कुटुंबांत प्रत्येकी ५८० रुपये आले. ते चार महिन्यांत, दरमहा १४५ रुपयांप्रमाणे, गोळा केले. पूर्वीच्या दोन रॅकेटींना ९,६०० रुपये गेले होते आणि त्यावर चार मुले खेळत होती. त्याहून कमी पैशांत सोळा घरे खेळू लागली. मी आजवर पुष्कळ ताळेबंद पाहिले, पण इतका समाधानाचा ताळेबंद पाहिला नव्हता.

जुन्या दोन रॅकेटी वाया गेल्या नाहीत. आमचा तो तगडा तरुण आणि त्याचा जोडीदार त्या घेऊन स्पर्धांना जातात. ज्याचा हात तयार आहे त्याला तयार रॅकेट मिळालीच पाहिजे. समता म्हणजे सर्वांना एकच माप देणे नव्हे, ज्याला जे माप लागते ते देणे, हे मला या निमित्ताने नव्याने समजले.

बॅट कोणाच्या हातात?

काही वाचक म्हणतील, समाजापुढे एवढे प्रश्न असताना रॅकेटचे काय घेऊन बसलात? त्यांच्यासाठी थोडा इतिहास.

बॅडमिंटन हा खेळ आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. इंग्रज लष्करी अधिकारी तो तिथे खेळत आणि त्यामुळे या खेळाला ‘पूना’ असेही नाव होते. १८७० च्या दशकात त्याचे सुरुवातीचे नियम पुण्यातच तयार झाले. पुढे इंग्लंडमधील ज्या वाड्यात तो खेळला गेला, त्या वाड्याचे नाव खेळाला चिकटले. त्याच पुण्यात, त्याच शतकाच्या अखेरीस, चर्मकार समाजातील पालवणकर बाळू हा तरुण युरोपियनांच्या जिमखान्यात मैदानाची कामे करीत असे. खेळपट्टीवर पाणी मारणे, रोलर फिरवणे, नेट लावणे ही त्याची कामे. सरावासाठी साहेबांना त्याने अक्षरशः हजारो चेंडू टाकले आणि त्यातून भारतातील त्या काळचा थोर गोलंदाज घडला. पण तिथे बाळूंच्या हाती बॅट दिली गेली नाही. फलंदाजी हे साहेबांचे काम, चेंडू टाकणे हे नोकराचे!

पुढे त्यांच्या गोलंदाजीवाचून चालेना म्हणून हिंदूंच्या संघात त्यांना घेतले. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे, पण चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी १०० हून अधिक बळी घेतले, तरी कप्तानपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे परमपूज्य बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. तो राजकारणाचा भाग वेगळा. पण चेंडू टाकणाऱ्या हाताला बॅट नाकारली गेली, हे आपण विसरू नये.

आणि आता स्वतःला विचारू या. आपल्याच विहारासमोर, आपल्याच वर्गणीतून आलेली रॅकेट आपल्या बहिणीच्या हाताला सोसणार नाही अशी आपण घेतली, तर तिच्यापुरता आपणही एक जिमखानाच उभा केला नाही का? कोणी तिला “तू खेळू नको” म्हटले नव्हते. म्हणायची गरजच पडली नाही. रॅकेटनेच ते सांगितले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याची शिकवण दिली. ती माझ्यासारख्या खजिनदाराने बिलावर सही करतानाही आठवायची असते.

दुकानात जाण्यापूर्वी

कापून ठेवण्यासाठी थोडक्यात सूचना देतो.

१. खेळणारा कोण, त्याचे वय काय, दिवसभर हाताचे काम कोणते, हे आधी ठरवावे. मग दुकानात जावे. जमल्यास त्यालाच बरोबर न्यावे.

२. वजन ४ यू किंवा ५ यू. दांडा ‘फ्लेक्स’ किंवा ‘मीडियम’, ‘स्टिफ’ नको. तोल मध्यावर. रॅकेट आडवी करून बोटावर तोलून पाहावी. बोट डोक्याच्या बाजूला जितके जास्त सरकवावे लागेल, तितके डोके जड समजावे.

३. डोके आणि दांडा यांच्यामध्ये वेगळा जोड दिसत असेल तर टाळावी. अखंड ग्रॅफाइटची घ्यावी. दोन हलक्या हातांनी दांडा किंचित वाकवून पाहावा. दुकानदाराला आधी विचारावे.

४. जाळी २० ते २२ पौंड. गट थोडा जाड, म्हणजे ०.७० मिलिमीटरचा घ्यावा. तो जास्त टिकतो.

५. पिसांची फुले सोळा पिसांची आणि जेमतेम पाच ग्रॅमची असतात. ती सुंदर, पण लवकर मोडतात. रोजच्या खेळाला नायलॉनची घ्यावीत. त्यांचे बूड कॉर्कचे असावे, कडक प्लॅस्टिकचे नको. फुलावरील पट्टी हिरवी असेल तर ते हळू, निळी मध्यम, लाल वेगवान. उष्ण हवेत फूल वेगाने जाते, म्हणून उन्हाळ्यात हिरवी पट्टी बरी.

६. रॅकेट उन्हात किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नये. गट तुटला तर बाकीची जाळीही लगेच मधून बाहेरच्या बाजूला कापून टाकावी, नाहीतर एकीकडच्या ताणाने चौकट वाकडी होते.

७. खेळण्यापूर्वी पाच मिनिटे खांदे, मनगटे आणि पाय मोकळे करावेत. कळ आली तर थांबावे. रॅकेट चांगली असली तरी ती औषध नव्हे. दुखणे राहिले तर डॉक्टरांकडे जावे, अंगावर काढू नये.

शेवटी पटांगणातील आजची स्थिती सांगतो. आठवड्यातील दोन संध्याकाळी महिला मंडळाच्या ठरल्या आहेत आणि त्या दिवशी मुले नेट बांधून देतात. सहावीतील ती मुलगी आता सातवीत गेली आहे. तिचा हात वेगाने फिरू लागला आहे. आणखी वर्ष-दोन वर्षांनी तिला ही रॅकेट अपुरी पडेल आणि ताठ दांड्याची मागावी लागेल. त्या दिवशी ते बिल मी मोठ्या आनंदाने मंजूर करीन.

गेल्या महिन्यात ताईंनीच वही मागून घेतली. रॅकेटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, “भाऊ, आता ही ओळ बरोबर आहे.”

जयभीम!